तीनदा मोजलेल्या मुली

मी सूड घेतला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याबद्दल गोड गैरसमज करून घ्यायला नको.

माझं नाव सोनिया रामटेके. रायपूरला रेल्वे लाइनीला लागून आमचा पारा, म्हणजे मोहल्ला, आहे, तिथल्या सुजाता कन्या हायस्कूलमध्ये मी खेळाची शिक्षिका. माझे वडील धर्मपाल भंडाऱ्याहून इथे वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात लागले आणि त्यांच्यासारख्याच पाचसहा जणांनी मिळून ही शाळा काढली. मैदान म्हणाल तर मधल्या सुट्टीत पोरी जिथे डबा खातात तेच अंगण. एका बाजूला कडुलिंब, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, आणि गोलपोस्ट म्हणून भंगारातले दोन पाईप. त्या अंगणातून मी आठ वर्षांत मुलींचा फुटबॉल संघ उभा केला. कोणी मदत केली नाही आणि मीही कोणाला मागितली नाही.

शहरातल्या शाळांची मुलींची स्पर्धा दोन गटांत होते. नववी ते बारावीत तीनशेपेक्षा जास्त मुली असतील ती शाळा मोठ्या गटात, बाकीच्या छोट्या गटात. हजार पोरींतून अकरा निवडणं आणि दोनशेतून अकरा निवडणं एक नव्हे, एवढं स्पर्धेच्या समितीलाही कळतं. छोट्या गटाला आणखी एक सवलत आहे. अंतिम सामन्यात पोचलेल्या दोन्ही संघांच्या मुलींना क्रीडा वसतिगृहाच्या निवड चाचणीला थेट बोलावतात. मोठ्या गटातून फक्त विजेत्यांना. वसतिगृह म्हणजे दोन वेळचं पोटभर जेवण, खऱ्या गवताचं मैदान आणि पुढे कॉलेजची सोय. आमच्या पाऱ्यातल्या पोरींना एवढं एकच दार उघडं दिसतं, आणि त्या आठवीपासून त्याच्याच गोष्टी करतात.

आता नीलपर्ण वर्ल्ड स्कूलबद्दल. तेलीबांध्याच्या पुढे, नवा रायपूरच्या रस्त्यावर त्यांची काचेची इमारत आहे. नऊशे मुली. म्हणजे सरळ मोठा गट. पण मोठ्या गटात त्यांना कोणी विचारत नव्हतं, म्हणून त्यांनी अभनपुर रोडला 'क्रीडा शाखा' काढली. वेगळा शाळा कोड, वेगळा शिक्का, पटावर एकशे अठ्ठ्याऐंशी मुली. झाली छोटी शाळा! मग शहरभर फिरून चांगल्या खेळणाऱ्या पोरी वेचायला लागले. कोणाला फी माफ, कोणाला सायकल, कोणाच्या बापाला नोकरी.

माझी मीनल त्यांनी अशीच नेली. सहावीत असताना ती चपला घालून खेळायची, पहिले बूट मी तिच्या पायात बांधून दिले होते. तिच्या बापाला नीलपर्णच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली आणि नववीचा निकाल लागल्याच्या चौथ्या दिवशी ती टीसी घेऊन गेली. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. माझ्याकडे निरोप घ्यायलासुद्धा आली नाही.

गेल्या वर्षी सेमीफायनलला आमची गाठ नीलपर्णशी पडली. आम्ही पाच-शून्यने हरलो, त्यातले तीन गोल मीनलचे. हरण्याचं मला काही नाही, मी पुष्कळदा हरले आहे. पण तिसऱ्या गोलनंतर ती धावत मैदानाबाहेर गेली आणि त्यांच्या स्पोर्ट्स डायरेक्टरच्या पाया पडली. सगळ्यांसमोर. माझ्यापासून दहा पावलांवर.

हा डायरेक्टर म्हणजे शिशिर पाटणकर. पुण्याहून आलेला, शंकर नगरात फ्लॅट, अंगात कायम इस्त्रीचा टी-शर्ट. सामना संपल्यावर हात जोडत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या मुली फार जिद्दी आहेत हो. अशा मुली आमच्याकडे पाठवत जा."

त्याला वाटलं तो कौतुक करतोय. मी हसले. माझ्या मागे आमची कॅप्टन पिंकी गुडघ्यावरची माती झटकत उभी होती, तिने ते ऐकलं. मी त्याच क्षणी ठरवलं, या माणसाला मी मोठ्या गटात नेऊन बुडवीन.

आधी रीतसर तक्रार केली. नीलपर्णच्या दोन्ही शाळा एकच आहेत, मालक एक, बस एक, गणवेशसुद्धा एक. समितीचे सचिव शालिग्रामजी, रिटायर्ड क्रीडा अधिकारी, मोठा भला माणूस, पण कागद सोडून हलणार नाही. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "हव मॅडम, आपकी बात समझ रहा हूँ. लेकिन कोड अलग है. कोड अलग, तो स्कूल अलग."

शेजारी शिशिर बसला होता. तो मान डोलवत म्हणाला, "कोड वेगळा म्हणजे शाळा वेगळी. साधी गोष्ट आहे."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. वर्षभर मी त्या वाक्यासोबत झोपले आणि उठले. लोकेश, माझा नवरा, सिमेंटच्या कारखान्यात शिफ्टला जातो, त्याला या सगळ्याचा कंटाळा आला होता.

"काहून एवढी जळून राहिली तू?" तो म्हणायचा.

"तुले नाही समजत."

"मले एवढंच समजते का भाजी करपून राहिली."

भाजी करपली, एकदा दूधही उतू गेलं, पण नियम तयार झाला. मी तो अकरा वेळा लिहून काढला. गेल्या दोन वर्षांत दुसऱ्या शाळेची टीसी घेऊन आलेली प्रत्येक मुलगी गटाच्या मोजणीत तीन धरावी. मोजणी ३१ जुलैच्या दाखल-खारीज रजिस्टरावरून, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदीवरून व्हावी, नंतर नावं कमी करून चालणार नाही. नियम सर्व शाळांना सारखा. टीसीचा मुद्दा माझ्याच डोक्यातून निघाला आणि त्याचा मला फार अभिमान होता. माणूस खोटं बोलतो, कुठली मुलगी बाहेरची ते लपवतो, पण रजिस्टरात टीसीचा नंबर लिहिलेला असतो. तो खोडता येत नाही.

जूनच्या बैठकीला एकोणीस शाळा होत्या. मी उभी राहून नियम वाचला. शिशिरचा चेहरा पडत गेला, तो मी वाचता वाचता पाहत होते. त्याने हात वर केला.

"मुलगी एकच असते ना, मॅडम? ती तीन कशी होईल?"

"तयार मुलगी उचलून नेली की तुमच्याकडे एक वाढते, आमच्याकडची एक कमी होते, आणि तुमचीच एक जुनी बेंचवर बसते," मी म्हटलं. "मोजा. तीनच होतात."

लहान शाळांचे सगळे मास्तर हसले. कोणी तरी टेबल वाजवलं. शिशिर लाल झाला, पण हुशार माणूस, त्याने अजून एक फट शोधली. "पण 'दुसरी शाळा' म्हणजे नक्की काय? हे तरी स्पष्ट हवं."

शालिग्रामजी काही बोलायच्या आत मीच बोलले. मोठ्यांदा, त्याच्या डोळ्यांत बघत. "कोड वेगळा म्हणजे शाळा वेगळी. तुमचंच वाक्य आहे, सर. हेच लिहून घ्या."

लिहून घेतलं. चौदा विरुद्ध पाच मतांनी नियम पास झाला. बाहेर आल्यावर मी रस्त्यावरच्या टपरीवर दोन समोसे खाल्ले आणि पिंकीला फोन केला. या वर्षी ती बारावीत होती, म्हणजे तिची शेवटची स्पर्धा. वसतिगृह मिळालं नाही तर अभनपुरला मावशीच्या शिलाईच्या दुकानात बसायचं हे तिच्या घरी ठरलेलं होतं. मी सांगितलं, "पिंकी, या वर्षी नीलपर्ण नाही छोट्या गटात. फायनल आपलीच समज."

"सच्ची, मॅडम?" ती म्हणाली, आणि मग फोनवर नुसता तिच्या आईला हाका मारण्याचा आवाज.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मोजणीचे फॉर्म आले. आमच्या ऑफिसात कृष्णा भैया बाबू आहेत. बावीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांनी मला निरोप पाठवला, मी शिट्टी गळ्यात तशीच ठेवून गेले.

"दीदी, बसा," ते म्हणाले. "मी तीनदा मोजलं. आपली शाळा चारशे अठ्ठ्याहत्तरची होऊन राहिली."

मी म्हटलं, भैया, आपल्या पोरी दोनशे छत्तीस आहेत.

"हव, दोनशे छत्तीसच. पण नववीच्या चौसष्ट अन् दहावीच्या सत्तावन्न, टीसीवर आलेल्या आहेत. त्या तीन-तीन धरा लागते ना, तुमच्या नियमाने."

"कुठून आल्या टीसीवर? आपल्याच तर आहेत!"

कृष्णा भैयांनी खिडकीतून समोरच्या खोलीकडे बोट दाखवलं.

समोरच्या खोलीत पूर्व माध्यमिक शाळेचं ऑफिस आहे. आमच्याकडे आठवीपर्यंतची शाळा कागदावर वेगळी आणि नववीपासूनचं हायस्कूल वेगळं. अंगण एक, घंटा एक, शिपाई एक, पण शिक्के दोन, रजिस्टरं दोन आणि कोड दोन. दरवर्षी आठवीचा निकाल लागला की पोरी त्या खिडकीवर रांग लावतात, टीसी घेतात, पंधरा पावलं चालत येतात आणि या खिडकीवर देतात. त्यात दंगा नको म्हणून ती रांग शिट्टी वाजवून मी लावते. आठ वर्षं लावते आहे. सगळ्या शहराच्या टीसी माझ्या डोक्यात होत्या, फक्त माझ्या डोळ्यांसमोरच्या नव्हत्या.

मी शालिग्रामजींकडे धावले. म्हटलं, एकच अंगण आहे, एकाच नळाला पाणी पितात पोरी, हे काय दुसऱ्या शाळेतून येणं झालं?

त्यांना खरंच वाईट वाटलं. पण त्यांनी बैठकीचा कागद काढला आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. "कोड तो अलग है ना, मॅडम?"

यादी लागली. मोठ्या गटात दोन नवीन नावं होती. सुजाता कन्या हायस्कूल, चारशे अठ्ठ्याहत्तर. नीलपर्ण क्रीडा शाखा, एकशे अठ्ठ्याऐंशी पटावर, त्यातल्या एकसष्ट टीसीवाल्या, एकूण तीनशे दहा. दहाने गेले होते बिचारे. मी यादीसमोर उभी राहून आधी तोच आकडा दोनदा वाचला आणि मला बरं वाटलं. आमचं नाव मी नंतर वाचलं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

बुधवारी शिशिर आमच्या शाळेत आला. पहिल्यांदाच. टाकीजवळच्या चिखलातून त्याचे पांढरे बूट वाचवत वाचवत आला आणि कडुलिंबाखालच्या ओट्यावर माझ्याशेजारी बसला. समोर पोरी सराव करत होत्या.

"मॅडम, दोघंही बुडतोय आपण," तो म्हणाला. "मी शालिग्रामजींशी बोललोय. नियम मांडणाऱ्यानेच मागे घेतला तर या वर्षापुरता तो लागू होणार नाही. बाकीच्या शाळांचीही हरकत नाही, मी विचारलंय. फक्त तुमची सही लागेल. शनिवारी पाचच्या आत."

त्याने टाइप केलेला अर्ज पुढे केला. नीट, चांगल्या कागदावर.

"आणि ड्रॉमध्ये तुम्हाला आमच्या विरुद्ध बाजूला टाकतील, तेही ठरलंय. म्हणजे फायनलच्या आधी आपली गाठच पडणार नाही. तुमच्या मुली फायनलला सहज पोचतील. हरल्या तरी चाचणीला जातील."

तो खरं बोलत होता. मी छोट्या गटातले सगळे संघ ओळखत होते, आम्हाला अडवणारं त्यात कोणी नव्हतं. एक सही, आणि पिंकी वसतिगृहाच्या दारात.

"आणि नाही केली सही तर?" मी विचारलं.

तो बुटांकडे बघत म्हणाला, "आमच्या मॅनेजमेंटने सांगितलंय, छोट्या गटात नसेल तर या स्पर्धेनंतर मुलींचा संघ बंद. शाखाच बंद करतील कदाचित. माझी नोकरी जाईल, ते सोडा. पण मुलींचं काय? मीनलचा तरी विचार करा. आमची फार गुणी मुलगी आहे ती."

आमची, म्हणाला. त्या अंगणात बसून. मी कागद घेतला, चारपदरी घडी केली आणि पर्समध्ये टाकला. "बघते," म्हटलं. तो पुन्हा पुन्हा आभार मानत चिखलातून गेला. त्याला तसं जाताना बघण्यात जी मजा होती, तिच्यासाठी मी आणखी एक वर्ष भाजी करपवली असती.

शनिवारी दुपारी मी खरंच निघाले होते. अर्जावर सही करून निघाले होते. स्कूटीवर, समितीच्या ऑफिसकडे, चार वाजता. कोणी विचारलं तर मी छातीवर हात ठेवून सांगीन की घरून निघताना माझ्या मनात पिंकीच होती.

तेलीबांध्याच्या सिग्नलला लाल दिवा लागला. समोर नीलपर्णचं होर्डिंग होतं, दोन मजली घराएवढं. त्यावर मीनल. निळी जर्सी, पायाखाली बॉल, केस नवीन पद्धतीने कापलेले. खाली लिहिलं होतं, 'हमारी मिट्टी, हमारी बेटी.'

मी ते वाचलं. दिवा हिरवा झाला, मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले, मी हलले नाही. तो पुन्हा लाल झाला. कुठली माती? त्यांच्याकडे माती आहे कुठे, प्लास्टिकचं गवत आहे सगळं. त्या पोरीच्या घोट्यावरची सूज मी हळद लावून उतरवली आहे. तिची आई दवाखान्यात होती तेव्हा सतरा दिवस ती माझ्या घरी जेवली, लोकेशच्या ताटातली पोळी उचलून खायची. आणि हा अर्ज दिला की पुढच्या वर्षी असंच होर्डिंग लागणार, त्यावर माझीच दुसरी कुठली तरी पोरगी असणार. नियम या वर्षी गेला की कायमचा गेला, पुन्हा कोण मत देतंय!

हे असं सगळं मी मनात मांडलं, मोठ्या तत्त्वाचं दिसावं म्हणून. पण खरं कारण एवढंच होतं की मला तो शिशिर बुडालेला बघायचा होता. समोर, डोळ्यांनी. आणि मीनलसुद्धा.

मी स्कूटी वळवली आणि तलावाच्या काठावर जाऊन बसले. लोक फिरायला आले होते, पोरं बोटीसाठी हट्ट करत होती. मी भेळ घेतली. पाच वाजले. पाच वाजून दहा मिनिटांनी शालिग्रामजींचा फोन आला.

"मॅडम, आप आईं नहीं?"

"नहीं आऊँगी."

"सोच लीजिए. मैं साढ़े पाँच तक बैठता हूँ. आपकी बच्चियाँ..."

मी फोन कापला. तो भला माणूस साडेपाचपर्यंत नक्की बसला असणार.

सोमवारी पोरींना सांगितलं की आपण मोठ्या गटात आहोत. पिंकीने बॉल काखेत धरून विचारलं, "मॅडम, अर्जी नहीं लगा सकते क्या? कि हमारा तो एक ही स्कूल है?"

"लावली होती," मी म्हटलं. "समितीने नाही ऐकलं."

"कोई बात नहीं," ती म्हणाली. "बड़े में भी जीत सकते हैं ना?"

"काहून नाही!" मी म्हटलं, आणि शिट्टी वाजवली.

पहिला सामना चौदाशे मुलींच्या शाळेशी पडला. त्यांच्या राखीव खेळाडूसुद्धा आमच्या अकरांपेक्षा उंच होत्या. आमच्याकडे बदली खेळाडू तीन, त्यातल्या एकीला ताप. पिंकी त्या दिवशी जशी खेळली तशी मी कोणाला खेळताना पाहिली नाही. एकदा तिने अर्ध्या मैदानातून एकटीने बॉल नेला आणि तो खांबाला लागून परत आला. बाकी सगळं व्हायचं तेच झालं. चार-शून्य.

पिंकीची आई मीराबाई चार घरच्या कामांवर सांगून, सुट्टी घेऊन आली होती. पोरीला पदराने पुसता पुसता ती मला म्हणाली, "नशीबच खोटं, मॅडम. तुम्ही एवढं करून राहिले पोरीसाठी, अन् देवानं गटच बदलून टाकला."

मी पाण्याची बाटली उघडून मीराबाईच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर नीलपर्णचा सामना होता. मला तिथे काही काम नव्हतं. मी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि गेले, अंगावर चांगली साडी घालून. पहिल्या पायरीवर बसले, शिशिरला दिसेन अशी.

आणि काय सांगू, मन भरलं. पंधरा मिनिटांत त्यांच्यावर पहिला गोल बसला. वेचून आणलेल्या पोरी त्या, एकीला दुसरीचं नाव धड माहीत नाही, मागे पडल्या तशा एकमेकींवर ओरडायला लागल्या. शिशिरचा इस्त्रीचा टी-शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. मध्यांतराच्या आधी दुसरा गोल. त्याच्या मॅनेजमेंटचे दोन जण आले होते, ते उठून गाडीत जाऊन बसले. मीनलला दोघी-दोघी घेरत होत्या, तिला बॉल मिळतच नव्हता. ती दोनदा पडली. दुसऱ्यांदा उठताना तिने मला पाहिलं आणि मी मान फिरवली नाही.

मध्यांतरात पिंकी येऊन माझ्याशेजारी बसली. ती आली आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"तू इथे?"

"मीनल का मैच है ना," ती म्हणाली. मग थोडा वेळ पायरीवरचा चुना नखाने खरवडत राहिली. "मॅडम, गेट पर शालिग्राम सर मिले थे. बहुत बुरा लग रहा था उनको. बोले, मैं साढ़े पाँच बजे तक बैठा था."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"अर्जी आपने दी ही नहीं."

"नाही दिली."

"सही भी की थी?"

"केली होती. पर्समध्ये आहे."

ती रडेल असं मला वाटलं, किंवा ओरडेल. मी त्याची तयारी केली होती, उत्तरंही तयार होती, सगळ्या लहान शाळांसाठी, पुढच्या मुलींसाठी, न्यायासाठी. पिंकीने फक्त विचारलं, "मीनल के लिए?"

"तिने तुमच्यावर तीन गोल केले, पिंकी. त्याच्या पाया पडली ती."

"मालूम है. उस रात उसने मुझे फोन किया था, बहुत रोई थी. बोली, मॅडम की तरफ देखा तो मॅडम ने मुँह फेर लिया, तो मैं क्या करती?" पिंकी माझ्याकडे बघत होती आणि तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मेरी तो उससे कोई लड़ाई ही नहीं थी, मॅडम. मुझे बस हॉस्टल जाना था."

शिट्टी झाली, दुसरा भाग सुरू झाला. मला लाज वाटली. खरीखुरी, कानापर्यंत तापवणारी लाज. मला पिंकीचा हात धरायचा होता. पर्समधला कागद फाडायचा होता, आता फाडून काही उपयोग नव्हता तरी. मी तिच्याकडे वळून तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हा मैदानातून ओरडा आला. नीलपर्णच्या गोलकीपरच्या हातून बॉल सुटला होता. तिसरा गोल.

माझे हात आपोआप वर गेले. मी टाळी वाजवली. एक नाही, चारपाच, जोरात.

पिंकी उठली. पायऱ्या उतरून खाली गेली, कुंपणाच्या जाळीपाशी, जिथे मीनल कमरेवर हात ठेवून वाकून उभी होती. दोघी जाळीच्या अलीकडे-पलीकडे काही तरी बोलल्या. मग पिंकी तिथेच जमिनीवर बसली, नीलपर्णच्या बेंचजवळ, माझ्याकडे पाठ करून.

चौथा गोल शेवटच्या मिनिटाला झाला. नीलपर्णच्या पोरी जागच्या जागी बसल्या, शिशिरने तोंडावर टॉवेल घेतला. मी उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. त्या बाजूच्या पायऱ्यांवर टाळ्या वाजवणारी मी एकटीच होते.